खासदाराच्या नावापुढे ‘निरंक’

कुर्डुवाडीचा मतदार राहतो माढा तालुक्यात, आमदार निवडतो करमाळ्याचा आणि खासदार निवडतो माढ्याचा. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत कुर्डुवाडी शहर आणि आसपासची माढा तालुक्यातली गावं करमाळा विधानसभेला जोडली गेली. निवडणूक आली की या पट्ट्याला ‘छत्तीस गावं’ म्हणतात आणि पुढारी तिथलं गणित वेगळं मांडतात. लोकसभेचा माढा मतदारसंघ त्याहून ऐसपैस. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातले फलटण, माण असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात बसवलेत. एका टोकाला उजनीचं फुगवट्याचं पाणी, दुसऱ्या टोकाला माणदेशाची कुसळं.

गाव जंक्शनचं. १८९७ साली इथून बार्शीला नॅरोगेज गाडी सुरू झाली तेव्हा स्टेशनाचं नाव ‘बार्शी रोड’ होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरची ही ‘बार्शी लाइट’ पुढे लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे, पण गावाचा जीव अजून रुळांत अडकलेला. त्यामुळे इथल्या माणसाला खासदार आठवतो तो गाडीच्या थांब्यावरून. परवा फलाटावर चहा घेताना शेजारचा गडी दुसऱ्याला म्हणत होता, “तात्या, खासदाराला आपण थांबा मागतो. पण तिकडं दिल्लीत त्यो हात कशाला वर करतो, ते इचारलंय का कुणी कधी?” तात्या चहा फुंकत राहिले.

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर कागदोपत्री कुठं सापडतं आणि कुठं मुळातच सापडत नाही, हे पाहण्यासारखं आहे.

आधी माणसं. माढा मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ ची. त्याआधी या भागात पंढरपूर हा राखीव मतदारसंघ होता, तो पुनर्रचनेत गेला. पहिले खासदार शरद पवार. बारामती लेकीकडे, सुप्रिया सुळे यांच्याकडे सोपवून ते माढ्यात आले आणि तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. २०१४ ला राष्ट्रवादीचेच विजयसिंह मोहिते-पाटील, पूर्वीचे उपमुख्यमंत्री. त्यांनी सदाभाऊ खोतांना जेमतेम पंचवीस हजारांनी हरवलं. २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर. त्यांचे वडील हिंदुराव १९९६ मध्ये शिवसेनेकडून साताऱ्याचे खासदार होते. ४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा धैर्यशील मोहिते-पाटील राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून १ लाख २० हजार ८३७ मतांनी जिंकले. विजयसिंह त्यांचे चुलते, अकलूजचे सहकारमहर्षी शंकरराव त्यांचे आजोबा. निवडणुकीच्या तोंडावर एप्रिलमध्ये त्यांनी भाजप सोडला होता. चार निवडणुका, चार खासदार. आडनावं मात्र तीनच, आणि त्यातलं एकही या भागाला नवं नाही.

ही माहिती पारावर बसूनही मिळते. कागदावरची पार्श्वभूमी सुरू होते ‘नमुना २६’ पासून, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रापासून. हे शपथपत्र सरकारनं आपणहून दिलेलं नाही. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ मे २००२ ला निकाल दिला, की उमेदवाराची गुन्हेगारी प्रकरणं, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यावर संसदेनं घाईघाईनं कायदा बदलून हा हक्क आखडता घेतला. १३ मार्च २००३ ला न्यायालयानं तोही बदल घटनाबाह्य ठरवला. या एका बाबतीत सगळे पक्ष एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उभे होते, हे लक्षात ठेवण्याजोगं.

शपथपत्र हातात घेतलं की ते सातबाऱ्यासारखं वाचायचं, रकान्या-रकान्यानं. स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त हिंदू कुटुंब, अवलंबित एक, दोन, तीन. प्रत्येकापुढे हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, वाहनं, दागिने वजनासकट. खाली स्थावर: गट नंबर, क्षेत्र, घेतली कधी, किती रुपयांना, आजचा बाजारभाव काय. मग कर्जं आणि सरकारी थकबाकी. मागच्या पाच वर्षांची आयकर विवरणपत्रातली मिळकत. आणि प्रलंबित फौजदारी प्रकरणं, कलमासह. जिथं सांगण्यासारखं काही नाही तिथं ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. रकाना कोरा सोडायची सोय सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंद केली. कोरं शपथपत्र दुरुस्त करून दिलं नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो.

वाचताना एका आकड्यावर थांबू नये. एकाच माणसाची पाच वर्षांच्या अंतरानं केलेली दोन शपथपत्रं शेजारी ठेवली, की खरी गंमत. जमिनीचा बाजारभाव वाढला म्हणून आकडा फुगला, की नवी जमीन आली म्हणून? कर्ज कुणाकडून आहे, बँकेकडून की एखाद्या संस्थेकडून? हे तिथं लिहिलेलं असतं.

जे लिहिलेलं नसतं ते आपल्या भागात जास्त महत्त्वाचं. पश्चिम महाराष्ट्रात माणसाची ताकद त्याच्या मालकीच्या वस्तूंवरून कळतच नाही. सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन कारखान्याचा मालक नसतो. सभासद म्हणून त्याच्या नावावर असलेला शेअर काही हजारांचा. पण यंदा कुणाचा ऊस आधी तुटणार, टोळी कुठल्या शिवारात उतरणार, कुणाचं पोरगं कामाला लागणार, हे त्याच्या शब्दावर ठरतं. दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षण संस्था, बाजार समिती या सगळ्यांचं असंच. ही सत्ता चल मालमत्तेत धरायची की स्थावर, असा रकाना नमुना २६ मध्ये नाही. कुणा एकाबद्दल हे म्हणत नाही. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना हा कागद सारखाच तोकडा पडतो.

आता फलाटावरच्या त्या प्रश्नाकडे: हात कशाला वर करतो?

अमेरिकेत असा प्रश्न विचारला तर कुणीही संगणकावर खासदाराचं नाव टाकून त्याच्या सगळ्या मतांची यादी काढून देईल. तिथं महत्त्वाच्या विधेयकांवर नावनिशी मतं नोंदवली जातात आणि स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देणं हा गुन्हा नाही. ब्रिटनमध्येही कोण कुठल्या बाजूनं गेलं याच्या याद्या छापल्या जातात. आपल्या लोकसभेत मात्र बहुतेक कायदे आवाजी मतदानानं होतात. पीठासीन अधिकारी विचारतात, बाजूचे ‘होय’ म्हणा, विरोधातले ‘नाही’ म्हणा. कानांना जे जास्त वाटेल त्यावर ठराव मंजूर. आपल्या विधानसभेतलं ‘होयचे बहुमत’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना चाल ठाऊक आहे. या पद्धतीत कुणाचंच नाव कुठं उमटत नाही. कुणी मतविभागणी मागितली आणि ती दिली गेली, तरच बटण दाबून किंवा चिठ्ठीवर सही करून नावं नोंदतात.

याचा अर्थ काय होतो तो शेतीच्या तीन कायद्यांवरून बघा. माढ्यासारख्या मतदारसंघात त्याहून जवळचा विषय नव्हता: बाजार समितीबाहेरचा व्यापार, करार शेती, साठ्यांवरची मर्यादा. सप्टेंबर २०२० मध्ये ही विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानानं मंजूर झाली. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत राहिले, गोंधळ झाला आणि तिथंही दोन विधेयकं आवाजीनंच पार पडली. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले. मग २९ नोव्हेंबर २०२१ ला हेच कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, पुन्हा आवाजीनंच मंजूर झालं. कायदा आला तेव्हा माढ्याच्या खासदाराचं मत काय होतं आणि गेला तेव्हा काय होतं? पक्षाची भूमिका सगळ्यांना माहीत. खासदाराच्या नावापुढची नोंद मात्र निरंक. बारामतीची, सोलापूरची, नंदुरबारची, सगळ्यांचीच निरंक.

नावं नोंदतात ती कधी? घटनादुरुस्तीला. तिथं सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात. ते कानानं मोजता येत नाही. मराठा आरक्षणाच्या निकालानंतर मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारी दुरुस्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली तेव्हा लोकसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. २० सप्टेंबर २०२३ ला नव्या संसद भवनात महिला आरक्षणाच्या विधेयकावर चिठ्ठ्यांनी मतदान झालं: बाजूने ४५४, विरोधात २. त्या दोनांतले एक असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे महाराष्ट्रातलेच, तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. पटो न पटो, अशी ठळक नोंद आपल्याकडच्या फार थोड्या खासदारांच्या नावावर आहे. एकत्र निवडणुकांचं विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला मांडण्यापुरतंच मताला टाकलं, तर २६९ विरुद्ध १९८. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक साधंच होतं, घटनादुरुस्ती नव्हतं, पण मतविभागणी झाली: २८८ विरुद्ध २३२.

आणि ही नोंद सापडली तरी ते मत खासदाराचं असतं का? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली, तीच पक्षांतरबंदी. पक्षानं व्हिप काढला आणि खासदारानं उलट मत दिलं किंवा नुसता गैरहजर राहिला, तर पंधरा दिवसांत पक्षानं माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. हेतू चांगला होता. ‘आयाराम गयाराम’ हा शब्द १९६७ पासूनच रुळलेला होता. पण सरकार पाडण्याच्या ठरावाला जी शिस्त हवी तीच शिस्त साखरेच्या, पाण्याच्या, रेल्वेच्या प्रत्येक विधेयकाला लागली. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवताना सांगितलं होतं, की अपात्रतेची तलवार सरकारचं अस्तित्व किंवा पक्षाचं मूलभूत धोरण पणाला लागेल अशा मतदानापुरतीच असावी. ऐकलं कुणी नाही. गंमत म्हणजे व्हिप मोडला तर खासदारकी जाण्याची भीती, आणि निवडणुकीच्या महिनाभर आधी पक्ष बदलला तर लोकसभेचं तिकीट. मला विचाराल तर मतदाराच्या दृष्टीनं या कायद्यानं मधला माणूसच काढून टाकला. आपण माणूस पाठवतो, मोजली जाते ती पक्षाची बाकं.

मग उरतं काय? हजेरी, प्रश्न, भाषणं, खासगी विधेयकं. ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ ही संस्था हे आकडे खासदारनिहाय मांडते आणि अधिवेशन संपलं की वर्तमानपत्रांत ‘अमुक खासदार अव्वल’ अशा बातम्या येतात. इथंही एक खाचखळगा आहे, आणि तो माढ्यात नेमका पायाखाली येतो. २००९ ते २०१४ या काळातल्या खासदाराची प्रश्नसंख्या शोधायला गेलात तर हाती शून्य येईल. कारण तेव्हाचे माढ्याचे खासदार देशाचे कृषिमंत्री होते. मंत्री हजेरीपटावर सही करत नाही आणि प्रश्न विचारत नाही. तो उत्तरं देतो. म्हणजे ज्या पाच वर्षांत माढ्याचा शब्द दिल्लीत सर्वांत वजनदार होता, त्याच पाच वर्षांत तक्त्यावर तो सर्वांत रिकामा दिसतो.

उलट बाजूही आहे. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच, तेही सोडत काढून. त्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत. त्यांची उत्तरं छापील येतात. प्रश्नाची संख्या वाढवणं हे हुशार स्वीय सहायकाचं काम आहे. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेनं अकरा खासदारांना घालवलं. त्यात एरंडोलचे एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन हे दोघे खानदेशातले होते. म्हणून आकडा सोडून प्रश्न वाचावा. लोकसभेच्या संकेतस्थळावर तो उत्तरासकट असतो. पंढरपूर-फलटण रेल्वेमार्ग, नीरा-देवघरचं पाणी, उसाची एफआरपी, गाड्यांचे थांबे. आपल्या कामाचा प्रश्न पाच वर्षांत किती वेळा आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा कितीदा विचारला, एवढं बघितलं तरी माणूस कळतो.

राहिला पैसा.

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये. त्याआधी ७० लाख. माढ्यात २०२४ ला साडेएकोणीस लाखांवर मतदार होते. भागाकार केला तर माणशी पाच रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात हल्ली धड कटिंग मिळत नाही.

हिशोब ठेवायची रीत मात्र कडक. उमेदवाराला अर्ज भरायच्या आधी निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एका माणसाला दहा हजारांवर रोख देता येत नाही. खर्चाची वही तीन रंगांची: रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी, बँकेचा व्यवहार पिवळ्या. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासून घ्यायची. इकडे निवडणूक खात्याचं चित्रीकरण पथक सभेत खुर्च्या, मंडप, गाड्या, फेटे मोजत हिंडतं आणि जिल्ह्यानं ठरवलेल्या दरपत्रकानुसार आपली समांतर नोंदवही भरतं. उमेदवारानं लिहिलं दोनशे खुर्च्या आणि पथकाच्या चित्रफितीत दिसल्या दोन हजार, तर नोटीस. व्यासपीठावर उमेदवार बसला किंवा त्याचा फोटो लागला, की पक्षाच्या सभेचा खर्चही त्याच्या खात्यावर चढतो. म्हणून काही सभांत उमेदवार व्यासपीठाखाली का घुटमळतो, ते आता कळेल.

एवढी चाळणी, पण तिला भोकं कायद्यानंच पाडलेली. १९७४ मध्ये दिल्लीच्या अमरनाथ चावला यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की उमेदवारासाठी पक्षानं केलेला खर्चही मर्यादेत धरा. सरकारनं लगोलग वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. पुढे २००३ मध्ये ही सूट कमी झाली, तरी स्टार प्रचारकांचा प्रवास बाहेरच राहिला. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस जण नेमता येतात, हेलिकॉप्टरसकट. आणि पक्षानं पक्ष म्हणून केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही.

कागद आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर एकदा एका मराठी नेत्यानंच जाहीर बोलून दाखवलं. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे म्हणून गेले, की २००९ ची बीडची लोकसभा लढायला आपल्याला आठ कोटी लागले. मर्यादा तेव्हा पंचवीस लाख होती. निवडणूक आयोगानं नोटीस पाठवली. त्या कार्यक्रमात हसू पिकलं असेल. पण ऐकणाऱ्यांत कुणाला आकडा ऐकून धक्का बसला असेल असं वाटत नाही. नांदेडचं प्रकरण वेगळ्या वाटेनं गेलं. अशोक चव्हाणांच्या २००९ च्या भोकर निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’वरून त्यांचा खर्चाचा हिशोब रीतसर नाही, असं आयोगानं जुलै २०१४ मध्ये ठरवलं, दोन महिन्यांत दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. पाच वर्षं चाललेल्या भांडणाचं फळ एवढंच.

पैसा येतो कुठून, हे तर आणखी धूसर. पक्षांना वीस हजारांवरच्या देणग्या नावानिशी जाहीर कराव्या लागतात, त्याखालच्या नाहीत. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले आणि मोठे देणगीदारही पडद्याआड गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये कुणी किती रोखे घेतले, कुठल्या पक्षानं किती वटवले, याच्या याद्या बाहेर आल्या. ७ मे ला माढ्यात मतदान झालं तेव्हा त्या याद्या महिना-दीड महिन्याच्याच होत्या. पण त्यातला कुठला पैसा कुठल्या मतदारसंघात उतरला, ते यादीवरून सांगता येत नाही. अमेरिकेत दोनशे डॉलरांवरच्या देणगीदाराचं नाव, गाव, धंदा उमेदवाराच्या खात्यापुढे वाचायला मिळतो. आपल्याकडे माग पक्षापर्यंत लागतो, पुढे ओढ्यात पाणी मुरावं तसा मुरतो.

तरी जेवढं कागदावर आहे तेवढं बघायला कुणाची ओळख लागत नाही. निकालापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, जिंकलेल्याला आणि अनामत गमावलेल्यालाही, खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. हिशोब आला की कार्यालयाच्या फलकावर सूचना लागते: कुणाचा, कुठल्या तारखेला, कुठं आणि कधी बघता येईल. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला अठ्ठ्याऐंशीवा नियम सांगतो, की कुणालाही शुल्क भरून हा हिशोब पाहता येईल.

कुर्डुवाडीहून सोलापूर गाडीनं ऐंशी किलोमीटर. हिशोब पाहण्याचं शुल्क, नियमात लिहिल्याप्रमाणे, एक रुपया.